वाहन उचलणें आणि वाहन धरणें

आपल्या संघाच्या सभासदांपैकीं ज्यांच्या दारांत वाडवडिलांच्या काळीं बैलगाडी उभी असे, त्यांतील पुष्कळांच्या दारांत आज मोटार, जीप अथवा ट्रॅक्टर उभा असतो, व त्याची किरकोळ डागडुजी घरच्या घरींच करण्याची चाल पडली आहे. ही चाल वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. चाक पंक्चर झालें, सायलेन्सर लोंबूं लागला किंवा इंजिनाचें तेल बदलावयाचें झालें कीं दर खेपेस तालुक्याहून मिस्त्री आणविणें कोणास परवडणार? परंतु या कामांत गाडी जमिनीपासून उचलावी लागते, आणि कित्येकदां उचललेल्या गाडीखालीं माणसास निजावें लागतें. तेवढ्या एका गोष्टीविषयीं चार शब्द लिहावे, असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें.

बैलगाडीच्या आखाला वंगण घालावयाचें असे तेव्हां काय करीत, हें आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. दोघे जण साट्याखालीं खांदा देत, तिसरा खालीं लांकडाचा टेकू सरकवी, खांदे मोकळे होत, आणि मगच चाक आखावरून उतरे. टेकू आधीं व चाक मागाहून, हा क्रम कोणीं कोणास शिकविल्याचें आम्हांस आठवत नाहीं. खांदा देणाराचा चेहरा लाल होई, पाय थरथरत, तो ओरडून सांगे कीं लवकर करा. माणसाचा खांदा फार वेळ टिकणार नाहीं हें डोळ्यांना दिसत असे. जॅकचें तसें नाहीं. तो ओरडत नाहीं, त्याचे पाय कांपत नाहींत. एका हातानें दांडा खालवर केला कीं वीस-पंचवीस मणांची गाडी उचलून निमूटपणें उभा राहतो; आणि तो असा निमूट उभा राहतो म्हणूनच टेकू आणावयास कोणी उठत नाहीं.

२०१७ सालच्या श्रावणांत वारसनोंदीच्या कागदांतील एक त्रुटि दूर करण्यासाठीं आम्हांस एका खेड्यांत जावें लागलें. आम्ही त्या वेळीं तहसील कचेरींत अव्वल कारकून होतों. मयत खातेदार छत्तीस वर्षांचा होता. जीपच्या सायलेन्सरची पट्टी सैल झाली होती, ती बांधावयास तो संध्याकाळीं गाडीखालीं गेला. दहा-अकरा वर्षांचा मुलगा शेजारीं बॅटरी धरून उभा होता. आदल्या दिवशीं पाऊस झालेला. अंगण काळ्या मातीचें, वरून वाळल्यासारखें दिसणारें. पट्टीचा नट गंजलेला असल्यामुळें त्यानें पाना लावून जोराचा हिसका दिला, आणि जॅक कलला. पुढचें लिहीत नाहीं.

आमचें काम उरकल्यावर मयताच्या वडिलांनीं तो जॅक आणून आमच्या पुढें ठेवला. "भाऊसाहेब, बघा, याला कांहीं झालेलें नाहीं," असें ते म्हणाले. खरोखरच त्याला कांहीं झालें नव्हतें. दट्ट्या सरळ होता, तेल गळलें नव्हतें, कोठें तडा नव्हता. गाडीचाही एक खिळा मोडला नव्हता. गोठ्याच्या भिंतीशीं बाभळीचे तीन ओंडके पडलेले आम्हीं आमच्या डोळ्यांनीं पाहिले. जीपपासून अंतर पंधरा पावलें भरलें असतें. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल शासनाच्या योजनेंत वारसांस २ लाख रुपये मिळतात, व त्या प्रकरणांत मृत्यूचें कारण एका ओळींत लिहावयाचें असतें. त्या ओळींत "जॅक निसटून" असे शब्द आम्हीं वाचले. जॅक निसटला हें खरें. पण ते ओंडके कागदांत कोठेंच आले नाहींत.

आतां मुद्द्याकडे वळूं. जॅक बाजारांत मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. कात्रीसारखा उघडणारा स्क्रूचा जॅक बहुधा मोटारीबरोबरच येतो. बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक जीप व ट्रॅक्टर बाळगणारांच्या घरीं असतो. तिसरा लहान चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक. त्याला पक्की सपाट फरशी लागते, म्हणून आपल्या अंगणांत त्याचा उपयोग थोडा.

कात्रीचा जॅक तेल गळून बसत नाहीं हा त्याचा गुण. पण त्याचा तळ अरुंद, डोकें लहान, व उंची वाढत जाते तसा तो अधिक डगमगतो. गाडी चार बोटें पुढेंमागें सरकली कीं तो आडवा झालाच म्हणून समजावें. हा जॅक स्टेपनी चढविण्यापुरता दिलेला असतो, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखालीं जाऊं नये, अशी सूचना गाडीबरोबरच्या पुस्तकांत लिहिलेली असते. तें पुस्तक बहुतेक घरीं प्लॅस्टिकच्या पिशवींतून बाहेर निघालेलें नसतें, ही गोष्ट निराळी.

तेलाच्या जॅकची जात समजून घेण्यासारखी आहे, कारण त्याच जातीचीं आणखी दोन यंत्रें आपल्या शेतांत असतात; तीं पुढें येतील. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब त्या द्रवांत सर्वत्र सारखा पसरतो, हें तत्त्व फ्रान्समधील पास्काल नांवाच्या पंडितानें सतराव्या शतकांत मांडलें. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचें पेटंट इंग्लंडमध्यें जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं घेतलें. लहान दट्ट्याचें तोंड एक चौरस सेंटिमीटर व मोठ्याचें वीस असेल, तर लहानावर दिलेला एक किलो भार मोठ्यावर वीस किलो होऊन उठतो. दांड्याच्या लांबीचा फायदा आणखी निराळा. एवढी किमया झाली तरी उचललेला भार शेवटीं कशानें अडून राहतो? रबराच्या एका वाटीनें व हरभऱ्याएवढ्या एका गोळीच्या झडपेनें. रबर जुनें झालें, झडपेखालीं वाळूचा कण बसला, किंवा कोणा पोराचा पाय लागून मोकळें करण्याचा स्क्रू फिरला, तर गाडी खालीं येते. कधीं सावकाश येते, कधीं सावकाश येत नाहीं. जॅकमध्यें तेल कमी झालें असतां कित्येक लोक घरांत आहे म्हणून ब्रेकचें तेल ओततात. त्यानें आंतील रबर खराब होतें. जॅकचें तेल निराळें मिळतें, तेंच घालावें. जॅक ठीक आहे कीं नाहीं याची परीक्षा अशी: गाडीचें चाक जमिनीपासून दोन बोटें उचलून दट्ट्यावर खडूनें खूण करावी व अर्ध्या तासानें पाहावी. खूण खालीं सरकली असेल तर तो जॅक दुरुस्तीस द्यावा किंवा मोडींत घालावा. खूण जागीं असली तरी त्यावर विसंबून खालीं जावें असें मात्र नाहीं.

आमच्या कचेरीच्या जीपवर फार वर्षांपूर्वीं एक वृद्ध चालक होते; सारी कचेरी त्यांस मामा म्हणे. पंचनाम्यासाठीं रानोमाळ हिंडतांना जीप कोठेंही बंद पडे. मागच्या बांकाखालीं त्यांनीं बाभळीचे चार ठोकळे व एक जाड फळी ठेवलेली असे, आणि ते ठोकळे आमच्या दप्तराच्या गांठोड्यांस नेहमीं अडचण करीत. एकदां आम्हीं रागावून विचारलें कीं, मामा, जॅक असतांना हें जळण कशाला? त्यांनीं उत्तर दिलें, "भाऊसाहेब, जॅक हमाल आहे. हमालाच्या डोक्यावर ओझें ठेवून जेवायला बसतां काय?" सोडलेल्या बैलगाडीच्या जुवाखालीं जो टेकू लावतात त्याला आमच्याकडे शिपाई म्हणतात. मामा आपल्या ठोकळ्यांस शिपाईच म्हणत. पुढें जें लिहिणार आहों त्यांतील बराच भाग त्यांच्यापासून शिकलेला व बाकीचा चुकून शिकलेला आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. आम्ही जन्मभर आंकडेमोड केली, म्हणून येथें थोडा हिशेब देतों. लहान मोटारीचें वजन सुमारें ९०० किलो धरलें व एक कोपरा उचलतांना जॅकवर ३०० किलो आले असें मानलें, आणि जॅकचा तळ चार इंच रुंद व सहा इंच लांब असला, तर २४ चौरस इंचांवर ३०० किलो, म्हणजे दर चौरस इंचास साडेबारा किलो दाब पडतो. साठ किलोचा मनुष्य अनवाणी उभा राहिला असतां त्याच्या दोन पावलांखालीं सुमारें साठ चौरस इंच जागा येते, म्हणजे दर चौरस इंचास एक किलो. ज्या ओल्या काळ्या मातींत तुमचें पाऊल रुततें, तेथें त्याच्या बारापट दाबानें जॅक उभा करणें याला काय म्हणावें? आतां त्याच जॅकखालीं अठरा इंच लांब व अठरा इंच रुंद अशी फळी घातली तर ३२४ चौरस इंच मिळतात, आणि दाब एक किलोच्याही आंत येतो. फळी निदान दोन इंच जाड असावी. पातळ फळी मध्यें वाकते व मग तिचा विस्तार कामास येत नाहीं. काळ्या जमिनीचा आणखी एक दोष असा कीं, ती वरून सुकलेली व आंतून लोणी असते. शक्य तर काम ओट्यावर, खळ्याच्या घट्ट जमिनीवर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेस न्यावें. मात्र उन्हाळ्यांत डांबरही मऊ होतें, तेथेंही फळी हवी. उतारावर गाडी मुळींच उचलूं नये. पाणी ओतून पाहावें. तें एका बाजूस धांवत सुटलें तर जागा बदलावी.

दुसरी गोष्ट चाकें अडविण्याची, आणि या ठिकाणीं आम्ही स्वतः फजीत झालेले आहोंत. सेवानिवृत्त झाल्यावर आम्हीं एक जुनी मोटार घेतली. मागचें डावें चाक पंक्चर झालें होतें. हँडब्रेक ओढला आहे, आतां भीति कसली, अशा समजुतीनें आम्हीं चाकांना दगड लावले नाहींत. अंगणास वाटेच्या बाजूस किंचित् उतार आहे. तो आम्हांस वीस वर्षांत कधीं दिसला नव्हता, मोटारीस त्या दिवशीं दिसला. चाक काढून बाजूस ठेवतों न ठेवतों तोंच गाडी पुढें सरली, जॅक आडवा झाला, आणि ब्रेकचा ड्रम जमिनींत चार बोटें रुतला. आमचा हात अर्ध्या मिनिटापूर्वीं त्याच जागीं होता. आमच्या कुटुंबानें ओसरीवरून सर्व पाहिलें व एवढेंच विचारलें कीं, दुसऱ्यांच्या पंचनाम्यांवर इतकीं वर्षें सही कोण करीत होतें?

चूक कोठें झाली तें सांगतों. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांस धरतो. मागचें एक चाक उचललें कीं धरणारें एकच चाक उरतें; तेंही ब्रेकची तार सैल असेल तर नांवालाच धरतें. मागची दोन्ही चाकें उचललीं तर हँडब्रेक असून नसून सारखाच. गिअरमध्यें गाडी ठेवली आहे, हा आधारही पुरा नव्हे. इंजिनाची शक्ति ज्या दोन चाकांस मिळते त्यांच्या मध्यें डिफरन्शियल नांवाचा दंतचक्रांचा डबा असतो. वळणावर आंतलें चाक कमी व बाहेरचें अधिक फिरावें यासाठीं तो असतो. त्यामुळें त्या जोडींतलें एक चाक अधांतरीं झालें कीं तें उलट फिरून दुसऱ्यास मोकळें सोडूं शकतें, आणि गिअर असूनही गाडी चालूं लागते. म्हणून जीं चाकें जमिनीवर राहावयाचीं, त्यांना पुढून व मागून, दोन्हीकडून उटी लावावी. गोल धोंडा उपयोगाचा नाहीं, तो चाकाबरोबर लोळतो. लांकडाची तिकोनी पाचर उत्तम. हँडब्रेक व गिअर हीं तरीही लावावींच. किल्ली काढून खिशांत ठेवावी. गाडींत कोणीही बसलेलें नसावें. लहान मुलें तर अंगणांतही नसावीं.

चाक बदलावयाचें असेल तर नट गाडी जमिनीवर असतांनाच अर्धा फेरा सैल करून घ्यावे. गंजलेला नट अधांतरीं गाडीवर हिसका देऊन सोडविणें म्हणजे जॅकला धक्का देणेंच होय. चढवितांनाही नट समोरासमोरच्या क्रमानें बसवून, शेवटचा आंवळ चाक जमिनीस टेकल्यावर द्यावा.

जॅक कोठें लावावा? मोटारीच्या दोन्ही कडांखालीं, पुढच्या चाकाच्या मागें व मागच्या चाकाच्या पुढें, पत्र्याच्या उभ्या शिवणीवर खांच किंवा खूण केलेली असते. तेथें पत्रा दुहेरी व मजबूत असतो. पुस्तकांत याचें चित्र असतें. जीपसारख्या चेसिसच्या गाडीस चेसिसखालीं किंवा कमानपाट्यांजवळ आंसाखालीं लावतां येतो. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखालीं, तळाच्या पत्र्याखालीं किंवा सायलेन्सरखालीं कधींही लावूं नये. लोखंडावर लोखंड घसरतें, म्हणून जॅकच्या डोक्यावर जाड रबराचा तुकडा ठेवण्याची कित्येकांची चाल आहे. ती ठीक. पण उंची पुरत नाहीं म्हणून जॅकवर विटेचे किंवा दगडाचे तुकडे रचणें अगदीं घातक. उंची कमी पडत असेल तर ती खालून, रुंद व जाड लांकडानें वाढवावी.

आतां टेकूचा विचार. बाजारांत यासाठीं तिपाई किंवा चौपाई लोखंडी स्टँड जोडीनें मिळतात. गॅरेजवाले त्यांस घोडी म्हणतात. मधला दांडा वरखालीं होतो व जाड खिळीनें किंवा दांत्यांनीं अडकतो. त्यांवर किती टन भार पेलेल तें लिहिलेलें असतें. मात्र तो आंकडा एका घोडीचा कीं जोडीचा, हें घेतांनाच विचारून घ्यावें. लहान मोटारीस दोन टनांची जोडी पुरेशी होते. जीपचें वजन दीड टनाच्या पुढें जातें, तिला तीन टनांची घ्यावी. खिळीची असेल तर मूळ खिळीच वापरावी. ती हरवली म्हणून तिच्या जागीं बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. गांवच्या वेल्डरकडून नळ्यांची घोडी करून घेण्याचा मोह होतो. तो वेल्डर कितीही चांगला असो, सांध्याची परीक्षा करण्याचें साधन त्याच्याजवळ नसतें, आणि परीक्षा तुमच्या छातीवर व्हावयाची असते.

घोड्या नसतील तर लांकडाचे ठोकळे चालतात. बाभळीचे किंवा दुसऱ्या कठीण जातीचे, चारी बाजू तासलेले, दीड-दोन फूट लांबीचे तुकडे घेऊन, दोन उभे व त्यांवर दोन आडवे असे विहिरीच्या बांधकामासारखे थर रचावे. रचलेल्या ठोकळ्यांची उंची त्यांच्या तळाच्या रुंदीहून अधिक नसावी. गोल ओंडका नको. विटा नकोत. पोकळ सिमेंटचा ठोकळा तर मुळींच नको. भिंतींत तो कितीही भार घेवो, एका जागीं लोखंडाची धार टेकली कीं तो इशारा न देतां फुटतो. लांकूड फुटण्याआधीं करकरतें, चेपतें, कांहीं तरी बोलतें.

घोडी लावतांना एकदम सर्व उंची उचलण्याची घाई करूं नये. थोडें उचलावें, जॅक सरळ आहे ना, उट्या जागीं आहेत ना, हें पाहावें, मग पुढें. हवी तेवढी उंची आली कीं मजबूत जागेखालीं घोडी सरकवावी व जॅकचा स्क्रू अगदीं हलकेच सोडून गाडी तिच्यावर बसवावी. दुसऱ्या बाजूसही तसेंच. गाडीचा भार घोडीवर आल्यावर जॅक काढून नेऊं नये. नुसता टेकलेला राहूं द्यावा. काढलेलें चाक अंगणांत लोळत ठेवण्यापेक्षां गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवून ठेवावें. सर्व कांहीं चुकलें तरी तेवढी वीतभर जागा माणसास उरते. मग खालीं जाण्यापूर्वीं बाहेर उभें राहून गाडीस दोन्ही हातांनीं चांगला धक्का द्यावा. पडावयाची असेल तर ती त्या वेळींच पडूं द्यावी. पुष्कळ लोक या धक्क्यास भितात. न हलवितांच खालीं शिरण्याची मात्र त्यांस भीति वाटत नाहीं! आणि एकट्यानें हें काम करूं नये. हांकेच्या अंतरावर एक मोठें माणूस असावें.

ट्रॅक्टरचे नियम थोडे निराळे आहेत. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचें वजन दोन टनांच्या आसपास जातें, तेव्हां मोटारीचा जॅक व मोटारीच्या घोड्या येथें आणूंच नयेत. दुसरें असें कीं, ट्रॅक्टरचा पुढचा आंस मध्यभागीं एका खिळीवर झुलता असतो. वरंब्यावरून जातांना एक चाक वर व एक खालीं व्हावें म्हणून ती सोय आहे. पुढून इंजिनाच्या खालीं जॅक लावून उचललें कीं हीच सोय घात करते. सारें धूड एका कुशीवर कलंडूं शकतें. म्हणून उचलण्यापूर्वीं आंस व वरचा सांगाडा यांच्या मधल्या फटींत, खिळीच्या दोन्ही बाजूंस, लांकडी पाचरी ठोकून तो झुला बंद करावा. हें फार थोड्या लोकांस ठाऊक असतें. मागचें चाक काढावयाचें असेल तर त्यांत पाणी भरलेलें आहे कीं काय तें आधीं पाहावें. चांगलें भरलेलें असल्यास एका चाकांत दीड-दोनशे लिटर पाणी असतें. तें चाक घरंगळूं लागलें तर तिघांस आवरत नाहीं. ट्रॅक्टर उचलण्यापूर्वीं मागें जोडलेलें अवजार सोडून ठेवावें, निदान जमिनीस टेकवावें. उसानें किंवा मातीनें भरलेली ट्रॉली तर रिकामी केल्याखेरीज उचलूंच नये.

तेलाच्या जॅकच्या जातीचीं दोन यंत्रें आपल्या शेतांत असतात, असें वर म्हटलें, तीं हीं. ट्रॅक्टरच्या मागें रोटाव्हेटर उचलून धरणारी लिफ्ट, आणि माती किंवा शेणखत ओतण्यासाठीं ट्रॉलीचा साटा उचलणारा दट्ट्या. दोहोंमध्यें भार तेलावरच उभा असतो. रोटाव्हेटरच्या पात्यांत तुरीचीं धसकटें किंवा ठिबकची नळी गुंतली म्हणजे तरुण पोरें अवजार वर उचलून, ट्रॅक्टर चालूच ठेवून, खालीं हात घालतात. तेथें दोन मरणें एके ठिकाणीं आहेत: एक पात्यांचें, दुसरें वजनाचें. पी.टी.ओ. बंद करावा, इंजिन बंद करावें, किल्ली काढावी, अवजाराखालीं दोन्ही बाजूंस ठोकळे द्यावे, लिफ्ट सोडून अवजार त्यांवर बसवावें, आणि मग नळी कापावी. पांच मिनिटें जातील. ट्रॉलीचा साटा वर असतांना खालच्या सांगाड्यास वंगण द्यावयाचें असेल तर साटा रिकामा असावा, व साटा आणि सांगाडा यांच्या मध्यें मजबूत टेका द्यावा. कित्येक ट्रॉल्यांस असा लोखंडी टेका जोडलेलाच असतो व तो गंजून जागीं चिकटलेला असतो.

ईश्वरकृपेनें तशी वेळ न येवो. परंतु कोणी खालीं सांपडलाच, तर त्यास पायांनीं ओढूं नये. गांवकरी जमले कीं दहा हातांनीं गाडी उचलतात, आणि दमून पुन्हां त्याच माणसावर सोडतात. गाडी जॅकनें उचलावी किंवा हातांनीं, जसजशी ती बोटभर वर येईल तसतसें एकानें खालीं लांकूड सरकवीत जावें. कोणीं तरी त्याच वेळीं १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी.

त्या खेड्यांत आम्ही मागच्या वर्षीं एका लग्नानिमित्त पुन्हां गेलों होतों. जीप विकलेली होती. मुलगा आतां ट्रॅक्टर चालवितो. आम्हीं त्यास कांहीं विचारलें नाहीं. गोठ्याजवळून जातांना पाहिलें तों रोटाव्हेटर उचललेला नव्हता, दोन तासलेल्या ठोकळ्यांवर बसविलेला होता, व ते ठोकळे बाभळीचे होते.

आमच्या घरची व्यवस्था सांगून थांबतों. जॅक माळ्यावर, फळी गोठ्यांत व घोड्या शेतांतल्या खोलींत, अशी पूर्वीं त्यांची ताटातूट असे, आणि हाताशीं असेल तें तेवढेंच वापरलें जाई. आतां दोन्ही घोड्या, चार पाचरी व फळी एका पेटींत ठेवल्या आहेत, आणि जॅक त्यांच्या खालीं ठेवला आहे. तो हातीं घ्यावयाचा तर वरचें सर्व सामान आधीं बाहेर काढावें लागतें.